पऱ्हाटी, प्रयोगशाळा आणि मधल्या वाटेचा खर्च

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवडच्या शिवारात खरिपाचा हंगाम ओसरत जातो तसतसे सोयाबीनचे कुटार, तुरीची तुराटी आणि कपाशीची पऱ्हाटी असे तीन प्रकारचे अवशेष मागे उरतात. कुटार जनावरांपुढे जाते, तुराटी कुडाला आणि चुलीला लागते. पऱ्हाटी मात्र थोडी सरपणाला ठेवली, तर उरलेली बांधावर रचून पेटवून देण्यापलीकडे तिचा बहुधा काही उपयोग होत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने शेत मोकळे करण्याची ती एक अडचण असते, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने तिची घडण एखाद्या टणक लाकडासारखी आहे. वनस्पतीच्या पेशींना ताठपणा देणारा सेल्युलोज हा लांब साखळीचा पदार्थ तिच्यात भरपूर असतो आणि त्या साखळ्यांना एकत्र धरून ठेवणारे लिग्निन हे नैसर्गिक डिंकासारखे द्रव्यही असते. हेक्टरी साधारण २ ते ३ टन पऱ्हाटी निघते असे धरले आणि राज्यातील कपाशीखालचे सुमारे ४० लाख हेक्टर क्षेत्र लक्षात घेतले, तर महाराष्ट्रात दरवर्षी निदान ८० लाख टन एवढा कच्चा माल शेतातच उभा असतो. त्यातून नवा पदार्थ घडवण्याचे ज्ञान बऱ्याच अंशी उपलब्ध आहे. ते ज्ञान प्रयोगशाळेतून कारखान्यापर्यंत नेण्याचा खर्च कोणी उचलायचा आणि त्याविषयीचा निर्णय घेताना कोणाला बरोबर घ्यायचे, हा खरा प्रश्न आहे.

ज्या पदार्थांचे गुणधर्म त्यांच्या अतिसूक्ष्म रचनेत जाणीवपूर्वक बदल करून घडवलेले असतात, त्यांना प्रगत पदार्थ म्हणतात. विमानाच्या पंखात वापरले जाणारे कार्बन-तंतूंचे संमिश्र, बॅटरीतील विद्युतअग्र, इंधनघटातील पातळ पटल किंवा सेल्युलोजचे नॅनो-तंतू ही त्याची उदाहरणे होत. असा पदार्थ विद्यापीठात चमचाभर तयार होतो तेव्हा त्यावर शोधनिबंध लिहिता येतो, पण टनावारी तयार करायचा तर प्रत्येक खेपेला तोच दर्जा राखणारी यंत्रे, अखंड चालणारी प्रक्रिया आणि अनेक महिन्यांच्या चाचण्या लागतात. चमचा आणि टन यांच्यामधल्या या वाटेवर बहुतेक शोध अडकतात. प्राध्यापकांकडे एवढी यंत्रे घेण्यास पैसा नसतो आणि हे काम त्यांच्या अध्यापनाचा भागही नसते. उद्योगाकडे पैसा असतो, पण पाच-सात वर्षांनी कदाचित यशस्वी होईल अशा गोष्टीत तो गुंतवणे भागधारकांना पटत नाही. सरकारी निधीची खरी गरज या मधल्या वाटेवर असते. संशोधन कोणत्या टप्प्यावर आहे हे मोजण्यासाठी जगभर १ ते ९ अशा तंत्रज्ञान-सज्जतेच्या पायऱ्या मानल्या जातात. पहिल्या पायरीवर केवळ मूलतत्त्व हाती असते आणि नवव्या पायरीवर वस्तू प्रत्यक्ष वापरात सिद्ध झालेली असते. चौथ्या ते सातव्या पायरीपर्यंतची चढण सर्वांत खर्चाची ठरते.

ही अडचण नवी नाही आणि तिच्यावर शोधलेला एक उपाय वऱ्हाडाच्या कापसाशी थेट निगडित आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतीय कापसाच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी सरकारने एक समिती नेमली होती आणि तिच्या शिफारशीनुसार १९२१ साली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. शेती खात्यांचे अधिकारी, गिरणीमालक, जिनिंगवाले, व्यापारी आणि उत्पादकांचे प्रतिनिधी अशा सर्वांना तीत स्थान होते. समितीचा खर्च चालावा म्हणून १९२३ साली कापूस उपकराचा कायदा झाला आणि देशातील गिरण्यांत वापरल्या जाणाऱ्या तसेच परदेशी जाणाऱ्या कापसावर गाठीमागे अवघ्या काही आण्यांचा उपकर बसला. मूर्तिजापूर आणि यवतमाळ यांच्यामध्ये कारंजावरून धावणाऱ्या शकुंतला रेल्वेने त्या काळात ज्या गाठी वाहून नेल्या, त्या प्रत्येक गाठीने या संशोधनाला आपला वाटा दिला, असे म्हणण्यास हरकत नाही. उपकर गिरणी किंवा निर्यातदार भरत असला, तरी त्याचा काही भार खरेदीच्या भावातून शेतकऱ्याकडेही सरकत असणार. म्हणून या निधीला केवळ सरकारी किंवा केवळ उद्योगाचा म्हणणे अपुरे ठरेल.

या पैशातून १९२४ साली मुंबईत माटुंग्याला एक तंत्रशाळा उभी राहिली. तिच्याकडे आलेले काम आजच्या भाषेत सांगायचे तर पदार्थ-परीक्षणाचे होते. शेती खात्याचा पैदासकार कापसाचा नवा वाण तयार करी तेव्हा त्याचे उत्पन्न आणि रोगप्रतिकारशक्ती शेतात कळे, परंतु त्या रुईचा धागा किती बारीक आणि किती मजबूत निघेल हे गिरणीच्या चात्यांवर सूत काढल्याशिवाय कळत नसे. गिरणीत चाचणी घ्यायची तर ढीगभर रुई लागे आणि पैदासकाराजवळ सुरुवातीच्या पिढ्यांमध्ये मूठभरच रुई असे. माटुंग्याच्या तंत्रशाळेने लहान नमुन्यावरून सूत काढून त्याचा अंदाज देण्याची पद्धत बसवली आणि त्यामुळे वाण शेतकऱ्याच्या हाती जाण्यापूर्वीच गिरणीला तो चालेल की नाही हे ठरवता येऊ लागले. शेतकरी, संशोधक आणि गिरणी या तिघांनाही एकट्याने न परवडणारे काम तिघांच्या मिळून पैशातून झाले. १९६६ मध्ये समिती बरखास्त झाल्यावर ही शाळा भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे गेली आणि आज ती केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे सिरकॉट, या नावाने ओळखली जाते.

पुढे सिरकॉटने रुईबरोबर पऱ्हाटीकडेही लक्ष वळवले. पऱ्हाटीचे तुकडे करायचे, ते दळून जाडे आणि बारीक असे कण वेगळे करायचे, कण वाळवून त्यांत चिकटद्रव्य मिसळायचे, जाड कण मध्ये आणि बारीक कण दोन्ही बाजूंना अशा तीन थरांत त्यांची गादी अंथरायची आणि ती तापलेल्या दाबयंत्रात दाबायची, की कपाट, टेबल किंवा दरवाजा करता येईल असा भुशाचा तक्ता तयार होतो. कपाशीच्या अवशेषांपासून मूल्यवर्धित वस्तू करण्यासाठी आंतरराष्ट्रीय निधीच्या मदतीने सिरकॉटने नागपूर येथील आपल्या केंद्रात असे तक्ते करणारा प्रायोगिक कारखानाही उभारला होता. लाकूडतोड वाचवणारा आणि विदर्भातच करता येण्याजोगा हा पदार्थ आहे.

त्याहून पुढची पायरी नॅनोसेल्युलोजची आहे. सरकी वेगळी केल्यावर तिच्या अंगाला चिकटून राहिलेली आखूड लव, जिला उद्योगात लिंटर म्हणतात, जवळजवळ शुद्ध सेल्युलोजची असते. ही लव धुऊन, विरंजन करून, विकरांच्या साहाय्याने सैल केली आणि मग पाण्यात कालवून प्रचंड दाबाखाली अत्यंत अरुंद फटीतून वारंवार ढकलली, की तंतू उभे फाटत फाटत काही दशक नॅनोमीटर जाडीचे होतात. माणसाच्या केसाची जाडी ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास असते, हे लक्षात घेतले की हा बारीकपणा ध्यानात येतो. यंत्रातून बाहेर येणारा पदार्थ पांढऱ्या, घट्ट पेजेसारखा दिसतो. त्यात बहुतांश पाणीच असते, पण त्यातील थोडेसे तंतू कागदात किंवा विघटनशील प्लास्टिकमध्ये मिसळले तर त्यांची ताकद लक्षणीय वाढते. माटुंग्याला नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक कारखाना उभा राहिला तो सार्वजनिक पैशातून; त्याची क्षमता दिवसाला सुमारे १० किलोची आहे. कागद किंवा वेष्टनाच्या उद्योगाला चाचणीसाठी जेवढा माल हवा तेवढा येथे तयार होऊ शकतो, आणि एखाद्या कंपनीने स्वतःच्या पैशाने पहिल्याच दिवशी असा कारखाना बांधला नसता, हेही तितकेच खरे आहे.

उद्योग आणि प्रयोगशाळा यांनी एकत्र येऊन काम करण्याची आधुनिक चौकट कशी असावी, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पुण्यात आहे. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक म्हणून डॉ. रघुनाथ माशेलकर काम पाहत असताना, या शतकाच्या आरंभी, परिषदेने न्यू मिलेनियम इंडियन टेक्नॉलॉजी लीडरशिप इनिशिएटिव्ह ही योजना सुरू केली. या योजनेत सरकारी संस्थांना अनुदान आणि उद्योगांना सवलतीचे कर्ज असा भेद केलेला आहे आणि हा भेद विचारपूर्वक ठेवलेला आहे. संस्था ज्ञान निर्माण करते, त्यामुळे तिच्याकडून परतफेडीची अपेक्षा नसते. उद्योगाला त्यातून नफा मिळू शकतो, म्हणून त्याने कर्ज फेडावे, पण धोका मोठा असल्यामुळे व्याज हलके असावे.

या योजनेखाली २०१६ साली पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, तामिळनाडूतील कारैकुडीची केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्था आणि पुण्याचीच केपीआयटी ही कंपनी यांनी वाहनासाठीचा इंधनघट तयार करण्याचे काम हाती घेतले. इंधनघटात हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज मिळते आणि मागे फक्त पाणी उरते. त्याचा गाभा म्हणजे एक पातळ पटल असून, त्याच्या दोन्ही अंगांना उत्प्रेरकाचा लेप दिलेला असतो. हायड्रोजनच्या अणूतील धनभारित प्रोटॉन पटलातून पलीकडे जातो, इलेक्ट्रॉनला मात्र बाहेरच्या तारेतून वळसा घालावा लागतो, आणि त्या वळशातच मोटार चालवणारी वीज असते. पटल आणि विद्युतअग्रे यांच्या जोडणीचे ज्ञान प्रयोगशाळांचे होते. शेकडो जोडण्या एकावर एक रचताना त्यांच्यामध्ये लागणाऱ्या अतिशय पातळ धातूच्या पट्ट्या, गळती थांबवणाऱ्या गास्केट आणि नियंत्रणाची संगणकप्रणाली ही कंपनीची कामगिरी होती. या पातळ पट्ट्यांमुळे घटसंचाचे वजन सुमारे दोन-तृतीयांशाने घटले. ऑक्टोबर २०२० मध्ये १० किलोवॅट क्षमतेचा हा संच बसवलेल्या ५ आसनी मोटारीची चाचणी पुण्यात झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हायड्रोजनवर चालणारी बस लोकांसमोर आली. प्रयोगशाळा आणि कंपनी यांपैकी कोणीही एकट्याने हे काम एवढ्या काळात पुरे केले नसते. एकाकडे पदार्थाचे ज्ञान होते आणि दुसऱ्याकडे तो पदार्थ खड्ड्यांच्या रस्त्यावर टिकवण्याचे कसब होते.

केनवडच्या दृष्टीने या हायड्रोजनच्या कामाचा दुसरा धागा अधिक जवळचा आहे. केपीआयटीशी निगडित असलेली सेंटिएंट लॅब्ज आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांनी भात, गहू आणि मका यांच्या काडापासून जीवाणूंच्या समूहाद्वारे हायड्रोजन मिळवण्याचे तंत्र विकसित केल्याचे २०२१ साली जाहीर झाले. आघारकर संस्था केंद्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीतील स्वायत्त संस्था आहे, म्हणजे येथेही सार्वजनिक पैसा आणि खासगी प्रयत्न यांची सांगड आहे. पऱ्हाटी भाताच्या काडापेक्षा कठीण आणि लिग्निनने अधिक जखडलेली असते. त्यामुळे हेच तंत्र तिला जसेच्या तसे लागू पडेल असे गृहीत धरणे चूक ठरेल आणि त्यासाठी वेगळे संशोधन लागेल.

देशाच्या पातळीवर निधीचे चित्र फारसे समाधानकारक नाही. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात खासगी उद्योगाचा वाटा एक-तृतीयांशाहून थोडा अधिक होता. दक्षिण कोरियात हाच खर्च ५ टक्क्यांच्या जवळ जातो आणि त्यातला बहुतांश उद्योग करतात. उच्चतर आविष्कार योजनेने आयआयटींमधील प्रकल्पांसाठी निम्मा खर्च शिक्षण मंत्रालयाचा, एक-चतुर्थांश अन्य मंत्रालयाचा आणि एक-चतुर्थांश उद्योगाचा असे सूत्र घातले होते. खिशातून चौथा हिस्सा देणारा उद्योग प्रकल्पाकडे अधिक लक्ष देतो, हा त्यामागचा विचार योग्यच होता. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा २०२३ साली झाला आणि जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १ लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास आणि नवोन्मेष निधीला मंजुरी दिली. हा निधी तंत्रज्ञान-सज्जतेच्या चौथ्या किंवा त्यापुढच्या पायरीवरच्या प्रकल्पांना दीर्घ मुदतीचे, अल्प किंवा शून्य व्याजाचे कर्ज देण्यावर भर देतो. मधल्या वाटेचा खर्च उचलण्याच्या दिशेने हे मोठे पाऊल आहे यात शंका नाही. मात्र कर्ज घेण्याची पत ज्यांच्याजवळ आहे त्यांच्यापर्यंतच ते पोहोचेल आणि कच्चा माल पिकवणाऱ्याचे नाव त्यात कोठेच येणार नाही, ही त्याची मर्यादाही स्पष्टपणे मांडली पाहिजे. १९२१ च्या समितीत उत्पादकाचा प्रतिनिधी होता. आजच्या बहुतेक योजनांत संस्था आणि कंपनी असे दोनच पक्ष असतात.

तिसऱ्या पक्षाची गरज केवळ न्यायाच्या भावनेतून येत नाही, ती पदार्थाच्या स्वभावातूनच येते. पऱ्हाटी हलकी आणि फैलावलेली असते. ट्रॅक्टरची ट्रॉली शिगोशीग भरली तरी वजन थोडेच भरते आणि डिझेलचा खर्च मालाच्या किमतीला गिळून टाकतो. म्हणून ती शेतातच कुट्टी करून, वाळवून, दाबून पुढे पाठवावी लागते. शिवाय गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम तोडण्यासाठी कपाशी वेळेवर संपवून पऱ्हाटी शेतातून हलवावी, असा कृषी शास्त्रज्ञांचा सल्ला २०१७ च्या प्रादुर्भावानंतर विदर्भात वारंवार दिला गेला आहे. म्हणजे कारखान्याला हवा तसा माल वर्षभर थोडा थोडा मिळत नाही, तो एकदम येतो आणि त्यात कीडही असू शकते. रिसोड तालुक्यातच करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे आणि अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे; प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात दाबयंत्र आणि चाचणी-उपकरणे यांच्याबरोबर कुट्टीयंत्राचे भाडे, ओलावा मोजण्याची सोय आणि गावातील साठवणीची शेड यांचाही आकडा मांडला, तर या संस्थांना कच्च्या मालाच्या साखळीत निश्चित काम मिळेल. केनवडसारख्या गावात पऱ्हाटी उपटून शेत मोकळे करण्यासाठी मोजकेच आठवडे हाती असतात, मजुरांची टंचाई असते, आणि त्या आठवड्यांत कुट्टीयंत्र बांधावर आले नाही तर पऱ्हाटीच्या ढिगाला काडी लागते. माटुंग्याच्या किंवा पुण्याच्या यंत्राला पुढचा कच्चा माल त्यानंतर वर्षभराने मिळतो.