सातात कोण आणि बाकावर कोण?

शालेय कबड्डीचा हंगाम सुरू झाला, की जुन्नर-आंबेगावातल्या क्रीडाशिक्षकांपुढे दरवर्षी एकच पेच उभा राहतो. संघात 12 खेळाडू असतात, मैदानात मात्र सातच उतरतात. भीमाशंकरच्या डोंगरकुशीतल्या आहुपे, तेरुंगणसारख्या गावांतली मुले चढ-उतार तुडवत वाढतात. दम आणि पायांतली ताकद त्यांच्याकडे असतेच. तरीही त्यातली पाच जण बाकावर बसणार असतात. ती पाच कोणती, हे शिक्षक कशावरून ठरवतात? बहुतेकदा नजरेने. जो उंच, भरलेल्या अंगाचा, तो आत. जो किरकोळ, तो बाहेर.

हा निर्णय छोटा नाही. किशोर गटाचा सामना साधारणपणे 15-15 मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो. म्हणजे सात खेळाडूंच्या मिळून 210 मिनिटांची वाटणी करायची असते. त्यात बाद झालेला खेळाडू बाहेर बसतो, तो वेळ वेगळाच. ज्याला मिनिटे मिळतात तो चढाई शिकतो, पकड शिकतो, चुकतो आणि सुधारतो. ज्याला मिळत नाहीत तो वर्ष-दोन वर्षांत खेळ सोडतो. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण आणि शासकीय नोकरीतले खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण यांच्याकडे जाणारी वाटही याच मिनिटांतून जाते.

अडचण अशी, की 13-14 वर्षांच्या मुलांच्या बाबतीत नजर हमखास फसते. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण बाराव्या वर्षी, मुलांची चौदाव्या वर्षी. पण हे झाले सरासरीचे गणित. प्रत्यक्षात हा झपाटा कोणाचा दोन वर्षे आधी येतो, तर कोणाचा दोन वर्षे उशिरा. त्यामुळे एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या शरीराच्या वयात तीन-चार वर्षांचा फरक असू शकतो. लवकर वाढलेल्या मुलाची पकड जड असते ती बऱ्याचदा स्नायूंमुळे, कौशल्यामुळे नव्हे. मागे राहिलेला मुलगा वाढीत त्याला पुढे गाठतो, पण तोवर तो संघात टिकला तर!

यात जन्मतारखेचीही भर पडते. वयोगटाची सीमारेषा एका तारखेला आखली, की वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले मूल वर्षअखेरीस जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षभराने मोठे असूनही एकाच गटात खेळते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी 1985 मध्ये आइस हॉकीतील अव्वल खेळाडूंचे जन्ममहिने तपासले. जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांची संख्या ऑक्टोबर ते डिसेंबरवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. आपल्याकडे तर पूर्वी गावोगावी शाळेच्या दाखल्यावर सरसकट ‘1 जून’ लिहिला जाई. कागदावरचे वय आणि हाडांचे वय यांत फरक पडतो म्हणूनच 16 वर्षांखालील क्रिकेटमध्ये मनगटाचा एक्स-रे काढून हाडांची पक्वता पाहिली जाते.

बास्केटबॉलमधील मायकेल जॉर्डनचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. 1978 मध्ये अमेरिकेतील विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये त्याला मोठ्या संघात घेतले नाही. तेव्हा तो जेमतेम पावणेसहा फुटांच्या आसपास होता. जागा त्याच्याच वर्गातल्या, बऱ्याच उंच मुलाला मिळाली. मात्र प्रशिक्षकांनी जॉर्डनला मोठ्या संघाच्या बाकावर बसवले नाही. त्याला कनिष्ठ संघात ठेवले आणि तिथे तो भरपूर खेळला. पुढे त्याची उंची 6 फूट 6 इंच झाली. उंची आली तेव्हा कौशल्य तयार होते, कारण मधल्या काळात मिनिटे मिळाली होती.

या नाण्याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. संघाचा ‘हुकमी’ मुलगा प्रत्येक सामन्यात, पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत खेळतो. कधी 14 वर्षांखालील आणि 17 वर्षांखालील अशा दोन्ही संघांतून त्यालाच उतरवतात. वाढीच्या झपाट्यात हाडे आधी लांब होतात, स्नायू आणि कंडरा मागून येतात. त्यामुळे ताण पडतो तो हाडांच्या टोकाशी असलेल्या कोवळ्या वाढीच्या भागांवर. गुडघ्याच्या वाटीखाली दुखरा उंचवटा येणे किंवा टाच दुखणे ही त्याची नेहमीची लक्षणे. असे मूल लंगडत असेल, तर ‘थोडे सहन कर’ हा सल्ला चुकीचा ठरतो. तिथे काही दिवस मिनिटे कमी करणे हाच उपचार असतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासायला हवी. जी मुलगी उत्तरार्धात लवकर दमते, तिला ‘आळशी’ ठरवून बाहेर काढण्याआधी तिचे हिमोग्लोबिन पाहावे. 12 वर्षांनंतर मुलींमध्ये ते 12 ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर तो रक्तक्षय. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी त्यासाठीच असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला शाळेत येते, तेव्हा खेळाडू मुलींकडे आवर्जून लक्ष वेधावे.

शिक्षकांना यासाठी महागडी साधने लागत नाहीत. भिंतीवर पट्टी रंगवून दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची उंची वहीत नोंदवावी. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर किंवा अधिक वाढ झाली, तर झपाटा सुरू आहे असे समजून उड्या आणि सलग सामने कमी करावेत. कोण किती मिनिटे खेळला, हेही त्याच वहीत लिहावे. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती असावी. डोक्याला मार बसून चक्कर, उलटी किंवा गोंधळलेपण आले, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये, डॉक्टरांना दाखवावे. वजनगटात बसवण्यासाठी मुलांना पाणी किंवा जेवण तोडायला लावू नये.

साखळी सामन्यांत, आघाडी मोठी असताना किंवा सरावाच्या लढतींत बाकावरच्या पाचांना ठरवून खेळवावे. किरकोळ मुलाचे पाय हलके आहेत का, चढाईत तो बोनसची संधी हेरतो का, बाद होण्याआधी धोका ओळखतो का, हे पाहावे. अंगकाठी काही वर्षांत बदलते, ही समज मात्र मैदानात उतरल्याशिवाय येत नाही. अंतिम सामन्यात सर्वांत योग्य सातच उतरणार, यात वाद नाही. पण दोन वर्षांनंतरचे सात कोण असतील, हे आज कोणाला किती मिनिटे मिळाली यावर ठरते.