खालांच्या पिशवीतले तीन कागद

आमच्या खालांच्या कपाटात साडीच्या दुकानातली एक पिशवी असायची. रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळे तिच्यात कोंबलेले. दवाखान्यात जाताना हात घालायचा आणि वर येईल तो कागद न्यायचा, अशी रीत.

वय साठीचे. जिना चढताना दम लागायचा. "आता रोजे झेपत नाहीत," एवढेच म्हणायच्या. घराजवळच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन ११.६ पाहिले आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. सात महिन्यांनी दुसऱ्या दवाखान्यात ते १०.३ निघाले; पुन्हा गोळ्या. पुढे लेकीकडे इचलकरंजीला गेल्या तेव्हा ८.९. प्रत्येक डॉक्टरांसमोर एकच कागद होता, आणि त्या एका कागदात बायकांचा नेहमीचा अशक्तपणाच दिसत होता.

एका संध्याकाळी आम्ही ती पिशवी चटईवर रिकामी केली आणि कागद तारखेप्रमाणे लावले. आकडा पायरी-पायरीने उतरत होता. चौथ्या डॉक्टरांनी तिन्ही कागद एकदम पाहिले आणि विचारले, "पाळी जाऊन किती वर्षे झाली?" पाळी थांबलेल्या बाईच्या अंगातले लोह कमी होत असेल, तर पोटात कुठे रक्त जाते का, हे पाहावे लागते. दुर्बिणीने तपासणी झाली आणि मोठ्या आतड्यात गाठ सापडली. ऑपरेशन झाले. अल्हमदुलिल्लाह, यंदाच्या ईदचा शिरखुर्मा खालांच्याच हातचा होता. पण दीड वर्ष हातचे गेले, ते कागद एकत्र नव्हते म्हणून.

आम्ही चटईवर केले, तेच काम संगणकावरची आरोग्य नोंद करते. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांकडे रुग्णाची वर्षानुवर्षांची नोंद संगणकात असते. तिथे अशा सुमारे ४०,००० रुग्णांच्या नोंदी अभ्यासून २०१७ मध्ये एक गोष्ट पुढे आली. चाळिशीपुढच्या ज्यांच्या रक्तात प्लेटलेट चार लाखांवर होत्या, त्यांच्यापैकी वर्षभरात शंभर पुरुषांत सुमारे ११ जणांना आणि शंभर बायकांत सुमारे ६ जणींना कर्करोग निघाला. प्लेटलेट नेहमीच्या असलेल्यांत हेच प्रमाण शंभरी ४ आणि २ होते. म्हणजे साध्या रक्ततपासणीतही इशारा असतो. तो वाचायला मागचे आकडे शेजारी हवेत.

आपल्याकडेही नोंदीचे मोल जुने आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण भागासाठी कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातले आजारी मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतच नसत, म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणांची माहिती दिली, संशयितांना तपासणीला आणले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या.

आता केंद्र सरकारचे 'आभा' खाते आहे. सप्टेंबर २०२१ पासून ही योजना देशभर सुरू झाली. चौदा आकडी क्रमांक आधारवरून मोफत निघतो. या योजनेला जोडलेल्या दवाखान्यात तो दिला की तिथले रिपोर्ट त्या खात्याला जोडता येतात. मग थोरल्या दवाखान्यातला रिपोर्ट मुंबईच्या डॉक्टरांनाही मोबाइलवर दाखवता येतो.

"पण लेकीच्या लग्नाच्या वेळी कुणाला कळले तर?" हा प्रश्न आमच्याही घरात आला. आजार झाकण्याची ही सवयच अनेक बायांना उशिरा दवाखान्यात नेते. 'आभा'तली नोंद तुमच्या संमतीशिवाय दुसऱ्या डॉक्टरांना दिसत नाही. संमती ठराविक मुदतीची देता येते आणि मागेही घेता येते. मोबाइल मुलाच्या हाती असला, तरी ओटीपी कशासाठी मागितला हे आधी विचारा.

आणखी एक अडचण खास आपल्या घरांतली. खालांच्या एका कागदावर नावापुढे 'बी', दुसऱ्यावर 'बेगम', तिसऱ्यावर नुसते सासरचे आडनाव. संगणकाला त्या तीन वेगळ्या बाया. म्हणून आधारवर आहे तेच नाव आणि तीच जन्मतारीख प्रत्येक लॅबमध्ये सांगा, आणि पावतीवर तपासून घ्या.

नोंद म्हणजे निदान नव्हे. आकडा घसरला की कर्करोगच, असेही नाही. ते डॉक्टर तपासून ठरवतील. पण त्यांच्यापुढे सगळे कागद ठेवणे घरच्यांच्या हातात आहे. खाते निघेपर्यंत थांबू नका. या जुम्म्याला दुपारचे जेवण आटोपले की अम्मीची, सासूबाईंची पिशवी उघडा. कागद तारखेप्रमाणे लावा, प्रत्येकाचा फोटो काढा, आणि हिमोग्लोबिनचे आकडे एका वहीत एकाखाली एक लिहा. आकडे उतरत असतील, तर ती वही घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा.