डेंग्यू दुसऱ्यांदा होतो तेव्हा

डेंग्यूचा विषाणू जेमतेम ५० नॅनोमीटर रुंदीचा. केसाच्या जाडीत असे हजारभर तरी एका ओळीत मावतील. त्याचा सगळा जनुकीय मजकूर सुमारे ११ हजार अक्षरांचा आणि त्यातून बनणारी प्रथिनं फक्त १०. आपल्या जनुकसंचात हीच अक्षरं तीन अब्जांहून जास्त आहेत.

आता आपल्या बाजूचं बळ बघा. प्रौढ माणसाच्या अंगात रोगप्रतिकारक पेशी सुमारे १ लाख ८० हजार कोटी, वजन सव्वा किलोच्या आसपास. रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये आयजीजी या मुख्य जातीच्या अँटीबॉडी १० मिलिग्रॅम असतात. वजन किरकोळ वाटतं, पण रेणू मोजायला गेलं तर ते भरतात ४ वर १६ शून्यं इतके. अंगातला रक्तद्रव तीन लिटर धरला की हिशेब १ वर २० शून्यांपलीकडे जातो. भास्कराचार्यांची ‘लीलावती’तली एकं-दहं-शतंची माळ परार्धापाशी, म्हणजे १ वर १७ शून्यांपाशी संपते. तुमच्या-माझ्या रक्तात परार्धाच्या हजारपट अँटीबॉडी फिरताहेत.

एवढं सगळं असून माणूस डेंग्यूने मरतो, आणि पुष्कळदा तो पहिल्या डेंग्यूने नव्हे, दुसऱ्या डेंग्यूने मरतो. मला या आजारातली सर्वांत हादरवणारी गोष्ट हीच वाटते.

विषाणूच्या पृष्ठभागावर ‘ई’ नावाच्या प्रथिनाच्या १८० प्रती असतात. याच कुळातल्या वेस्ट नाईल विषाणूवर प्रयोग करून शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: साधारण ३० अँटीबॉडी चिकटल्या की विषाणू निकामी. त्याहून कमी चिकटल्या तर तो जिवंत राहतो. अँटीबॉडीचा मोकळा दांडा भक्षक पेशी ओळखते आणि अख्खं गाठोडं आत ओढून घेते. डेंग्यूचा विषाणू वाढतो तो नेमका याच पेशींत. म्हणजे त्याला दार शोधायचीही गरज उरत नाही.

डेंग्यूचे प्रकार चार. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं. उरलेल्या तिघांना त्या अँटीबॉडी अर्धवटच चिकटतात. स्कॉट हॉलस्टेड या अमेरिकी डॉक्टरांनी १९६०च्या दशकात बँकॉकमध्ये पाहिलं की अत्यवस्थ होणारी मुलं मुख्यतः दोन गटांतली आहेत: दुसऱ्यांदा लागण झालेली, आणि वर्षाच्या आतली तान्ही, ज्यांना डेंग्यू पहिल्यांदाच झाला होता. तान्ह्यांचं कोडं आईच्या रक्ताने सुटलं. आईकडून आलेल्या अँटीबॉडी सुरुवातीला बाळाला जपतात. सहा-आठ महिन्यांनी त्या ओसरून नेमक्या घातक प्रमाणावर येतात.

क्यूबात हे अख्ख्या देशाच्या पातळीवर घडलं. १९७७मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली, ती सौम्य होती. १९८१मध्ये दुसरा प्रकार आला: ३,४४,२०३ रुग्ण, १५८ मृत्यू, त्यात १०१ मुलं. १९९७मध्ये सँटियागो दे क्यूबा शहरात दुसरा प्रकार परतला. या वेळी दगावलेले १२ जण सगळे प्रौढ होते. वीस वर्षांपूर्वीची ती सौम्य साथ त्या पिढीच्या रक्तात अजून शिल्लक होती.

मग किती अँटीबॉडी घातक? निकाराग्वातल्या मानाग्वा शहरात ६,६८४ मुलांचं रक्त बारा वर्षं तपासलं गेलं. रक्तद्रव किती पट पातळ केला तरी अँटीबॉडी सापडतात, यावरून त्यांचं प्रमाण ठरतं. २१ ते ८० पट या चिंचोळ्या पट्ट्यातल्या मुलांना गंभीर डेंग्यूचा धोका, अँटीबॉडी नसलेल्या मुलांच्या साडेसात पटींहून अधिक निघाला. भरपूर अँटीबॉडी असलेली मुलं मात्र सुरक्षित होती. लसीतही हाच धोका लपलेला असू शकतो. फिलिपीन्समध्ये २०१६पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंग्यूची लस टोचली गेली. आधी कधीच डेंग्यू न झालेल्यांना ती पहिल्या लागणीसारखी ठरू शकते, हे नोव्हेंबर २०१७मध्ये जाहीर झालं आणि मोहीम थांबली.

आपल्याकडे २०१७-१८च्या राष्ट्रीय पाहणीत ५ ते ४५ वयोगटातल्या ४८.७ टक्के लोकांच्या रक्तात डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. जगभरातल्या चारपैकी तीन लागणी कळतही नाहीत, त्यामुळे आपला पहिला डेंग्यू झाला की नाही हे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

वॉर्डाबाहेर नातेवाईक एकच विचारतात, “पेशी किती झाल्या?” प्लेटलेट्सचा तो आकडा महत्त्वाचा आहेच, पण त्याच रिपोर्टवर पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, नावाची ओळ असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. ती २० टक्क्यांनी चढली तर समजावं की रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतोय. हे झिरपणं सुरू होतं ते ताप उतरताना, रक्तातले विषाणू घटत असताना. कारण त्यामागे मोठा वाटा आपल्याच प्रतिकाराच्या भडक्याचा असतो. घरचे “उतरला एकदाचा” म्हणून निर्धास्त होतात ती हीच वेळ. पोटात जोराने दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण अस्वस्थता यांपैकी काही दिसलं तर तडक दवाखाना गाठायला हवा. पुढचे २४ ते ४८ तास द्रव मोजूनमापून दिला गेला, तर गंभीर डेंग्यूतही मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली येतं.