रंधा हातात कधी घ्यायचा?

बायपास, कर्करोगाची शस्त्रक्रिया किंवा पक्षाघातातून वाचलेला माणूस घरी आला, की घरातले आधी त्याला कामापासून लांब ठेवतात. ज्याला फावल्या वेळात लाकूडकामाचा नाद आहे, त्याच्या करवती, पटाश्या, रंधा माळ्यावर जातात आणि त्याच्या वाट्याला नुसती खाट येते. यामागे माया असते, पण ती अर्धवट माहितीवर उभी असते. पुणतांब्यासारख्या गोदाकाठच्या गावात तर तिची किंमत जास्त पडते. मोठं रुग्णालय आणि फिजिओथेरपीचं महाविद्यालय त्याच राहाता तालुक्यात, लोणीला आहे. तरी व्यायामासाठी तिथं वरचेवर जायचं म्हणजे रुग्णाबरोबर घरातल्या आणखी एकाचा दिवस मोडतो. त्यामुळे बरं होण्याचे बहुतेक महिने घरच्या ओट्यावरच जातात. त्या ओट्यावर लाकूडकाम परत यावं, डॉक्टरांना विचारून आणि मापून, असं माझं म्हणणं आहे.

पूर्ण विश्रांती हाच उपचार, ही समजूत एके काळी डॉक्टरांचीही होती. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणातून हलू देत नसत. १९४७ साली रिचर्ड आशर या इंग्रज डॉक्टरांनी सतत पडून राहिल्यानं फुप्फुसं, रक्तवाहिन्या, स्नायू, हाडं आणि मन यांचं काय होतं, ते एकेक करून मांडलं. १९५२ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल लेविन आणि बर्नार्ड लाउन यांनी हृदयरुग्णांना लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. हाताच्या कामाची बाजू त्याआधीच एका रुग्णानं लढवली होती. जॉर्ज बार्टन हा अमेरिकन वास्तुविशारद क्षयानं खचलेला होता, पायावर शस्त्रक्रिया झालेली, त्यात डाव्या अंगाला पक्षाघात. बागेत आणि सुतारकामाच्या बाकावर काम करत तो सावरला आणि १९१४ मध्ये क्लिफ्टन स्प्रिंग्ज इथल्या आपल्या घरातच त्यानं इतर रुग्णांसाठी कार्यशाळा उघडली. १९१७ साली त्याच घरी ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे व्यवसायोपचाराची, अमेरिकेतली पहिली संघटना स्थापन झाली. ही विद्या आपल्याकडे आणली कमला निंबकर यांनी. जन्मानं अमेरिकन, लग्नानंतर इथल्याच झालेल्या या बाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. फलटणच्या बालभवनामुळे त्यांचं नाव अनेकांना माहीत आहे. हे काम मात्र फार थोड्यांना. ते माहीत असतं, तर आजाऱ्याच्या हातातला रंधा पाहून आपण इतके दचकलो नसतो.

लाकूडच का, असं कुणी विचारेल. कारण या कामाची मात्रा औषधासारखी कमी-जास्त करता येते. व्यवसायोपचारात पक्षाघाताच्या रुग्णासाठी एक उतरती फळी वापरतात. पॉलिश पेपर लावलेला ठोकळा दोन्ही हातांनी धरून तिच्यावर वर-खाली सरकवायचा. चांगला हात दुबळ्या हाताला सोबत नेतो. फळीचा चढ वाढवला की खांदा जास्त उचलावा लागतो, कागद जाडा घेतला की जोर जास्त लागतो. घरच्या कामातही अशाच पायऱ्या आहेत. खाटेवर बसून पोळपाटाचा किंवा चमच्याचा आकार कागदावर काढणं, मग गुण्या लावून फळीवर खुणा करणं, मग हलकं घासणं आणि फार पुढे करवत नि रंधा. लाकडाचीही निवड आहेच. बैलगाडीला आणि औताला चालणारी बाभूळ दुबळ्या मनगटाला झेपणार नाही. पांगारा किंवा पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन झेपेल. शिवाय काल जिथवर घासलं होतं ते आज डोळ्यांना दिसतं. नुसता हात वर-खाली करण्याचा व्यायाम लोक आठवड्याभरात सोडतात, त्याचं एक कारण मला हेच वाटतं.

आक्षेप खरे आहेत आणि ते टाळून चालणार नाही. बायपासमध्ये कापलेलं छातीचं हाड जुळायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. तोवर रंधा मारणं, करवत ओढणं, ओंडका उचलणं वर्ज्यच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पटाशीची छोटी जखमही महागात पडते. लाकडाच्या भुश्शाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. इथं पेच पडतो: खांद्याला हितकारक असलेलं घासणंच सगळ्यात बारीक धूळ उडवतं. म्हणून फुप्फुसाचा आजार असलेल्यानं पॉलिश पेपर सोडावा; केमोथेरपी चालू असलेल्यानं बुरशी आलेल्या जुन्या लाकडाला हात लावू नये; बाकीच्यांनी मोकळ्या हवेत, मास्क लावून घासावं. विजेवरची करवत आणि ग्राइंडर सगळ्यांनीच बंद ठेवावेत. हृदयरुग्णांसाठी देखरेखीखालच्या व्यायामाचा फायदा मोठ्या अभ्यासांतून दिसला आहे, लाकूडकामाबद्दल तेवढा भक्कम पुरावा नाही. तेव्हा ते व्यायामाच्या जागी नाही, जोडीला घ्यायचं.

राहतो तो भेटायला येणाऱ्यांचा आक्षेप: आजारी माणसाला कामाला लावलंत? यातली कळकळ मला समजते, पण ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेली बाई काही दिवसांत चुलीपुढे बसते, तेव्हा हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. तिच्यावर लादलेले कष्ट आणि आपण निवडलेलं, हवं तेव्हा खाली ठेवता येणारं काम यांत मोठा फरक आहे. मी बोलतो आहे ते दुसऱ्याबद्दल, आणि ते तिलाही मिळायला हवं. तिला लाकडाची आवड असेल तर गावातल्या मिस्त्रींनी तिलाही शिकवावं. काम करताना सहज बोलता येत असेल तर वेग ठीक आहे. छातीत दुखलं, धाप लागली, गरगरलं तर तिथंच थांबून डॉक्टरांना कळवावं. दुसऱ्या सकाळपर्यंत थकवा टिकला तर त्या दिवशीचं काम निम्म्यावर आणावं. रुग्णालयातून निघताना गोळ्यांच्या वेळा विचारतो, तसंच कोणतं हत्यार कितव्या आठवड्यापासून धरायचं, हेही विचारून कार्डावर लिहून घ्यावं.