शेवटची कधी घेतली?

वाघोलीहून नगर रस्त्यानं पुण्याकडं निघालं की येरवडा लागतं. तिथं डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसनमुक्ती म्हटलं की आपल्याला समुपदेशन आणि गटचर्चा आठवतात. पण पेशंट चर्चेला बसण्याइतका सावरेपर्यंतचे दिवस सिस्टरचे असतात.

अशा कुठल्याही केंद्रात भरती होताना सिस्टर विचारते, “शेवटची कधी घेतली? किती?” यात टोमणा नसतो, वेळेचा हिशेब असतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू थांबली की सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो. फिट येणारच असेल, तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. त्यानंतर काहींना भास होतात, आपण कुठं आहोत हेच कळेनासं होतं. ही ‘डिलिरियम ट्रेमेन्स’. वेळीच उपचार झाले नाहीत तर जिवावर बेतते.

म्हणून दर काही तासांनी सिस्टर खाटेशी येते. “हात समोर धरा, बोटं फाकवा.” थरथर, घाम, मळमळ, अस्वस्थता, भास अशा दहा गोष्टींना गुण द्यायचे, एकूण ६७ पैकी. आकडा चढला की डॉक्टरांना फोन. त्यांनी सांगितल्याप्रमाणे क्लोरडायझेपॉक्साइड किंवा यकृत खराब असेल तर लोराझेपाम द्यायचं आणि गोळी गिळेपर्यंत तिथंच थांबायचं. गालात दडवलेली गोळी नंतर घातक ठरू शकते.

नातेवाइकांचा धोशा वेगळाच असतो: “सिस्टर, आधी सलाईन लावा.” पण जेवण सोडून पीत राहिलेल्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फार कमी असतं. तशात सलाईनमधून नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज, हा क्रम तिला पाळावाच लागतो, समोरचा कितीही चिडला तरी. रात्रपाळीत हे सांभाळणं सोपं नाही. बरेचदा शिव्याही तीच खाते.

घरी सोडताना ती आणखी एक बजावते: दारू सोडवण्यासाठीची डायसल्फिरामची गोळी चहातून चोरून देऊ नका. त्यावर दारू पडली तर माणूस दगावूही शकतो.

घरात कुणी रोज पीत असेल, तर दारू एकदम बंद करून त्याला खोलीत कोंडू नका. १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारा. आणि भरती करायला नेलंत, तर शेवटच्या पेगची वेळ लाजेखातर लपवू नका.