नाविकांचें बंड आणि गिरणगांव

१८ फेब्रुवारी १९४६ रोजीं कुलाब्याच्या ‘तलवार’ या नाविक-शिक्षणकेंद्रांतील तरुणांनीं काम बंद केलें. निकृष्ट अन्न, गोऱ्या नाविकांहून कमी वेतन व वरिष्ठांची अपमानास्पद भाषा हीं त्याचीं तात्कालिक कारणें होतीं. परंतु आझाद हिंद सेनेवरील खटल्यांनीं मनें आधींच पेटलेलीं होतीं. पाहतां पाहतां जहाजांवर काँग्रेसचें, लीगचें व लाल अशीं तीन निशाणें एकत्र चढलीं. २१ तारखेस कॅसल बरॅक्सपाशीं गोळीबारास गोळीबारानेंच उत्तर मिळालें.

येथवरचा वृत्तांत वाचकांस बहुधा ठाऊक असेल. या बंडाची जबर किंमत शहरानें दिली, हें मात्र क्वचितच सांगितलें जातें. २२ तारखेस कम्युनिस्ट पक्षाच्या हांकेवरून मुंबईंत हरताळ पडला. काँग्रेस व लीगच्या वरिष्ठांचा पाठिंबा नसतांहि गिरण्या ओस पडल्या. सरकारनें गोरें लष्कर रस्त्यांवर उतरविलें. त्या धुमश्चक्रींत २०० हून अधिक माणसें मेलीं व १,००० हून अधिक जखमी झालीं, असें सरकारी आंकडेच सांगतात. परळला कमल दोंदे गोळीस बळी पडल्या. कुसुम रणदिवे जखमी झाल्या.

सूड घेतला जाणार नाहीं, या वल्लभभाई पटेलांच्या आश्वासनावर २३ तारखेस नाविकांनीं शरणागति पत्करली. सत्तांतर दाराशीं आलें असतां सैन्याची शिस्त मोडूं नये, हा पुढाऱ्यांचा विचार सर्वस्वीं चुकीचा म्हणतां येत नाहीं. परंतु शेंकडों नाविकांची नोकरी गेली ती गेलीच. स्वातंत्र्यानंतरहि नौदलाचीं दारें त्यांना उघडलीं नाहींत.

कॅसल बरॅक्सला पुढें ‘आंग्रे’ हें नांव मिळालें. कुलाब्यास २००१ सालीं नाविकांचें स्मारकहि उभें राहिलें. परळ-लालबागेंत मात्र गिरण्यांच्या जागीं मनोरे आले, चाळी पडल्या व त्या दिवसाचे साक्षीदारहि काळाआड गेले. मेलेल्यांत बहुतेक साधे नागरिक होते. त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता, म्हणून का त्यांचीं नांवें आपल्या मुखीं नाहींत? आपल्या घरांतील जुन्या पत्रांत, वडीलधाऱ्यांच्या आठवणींत त्या फेब्रुवारीचा उल्लेख असल्यास तो लिहून ठेवावा. नातवंडांस तो वारसा दागिन्यांहून कमी मोलाचा नाहीं.