डिशवॉशर, टीडीएस पेन आणि माझा चुकलेला निष्कर्ष

मागच्या सुट्टीत पुण्याला घरी गेले, तर आईची पहिली तक्रार डिशवॉशरची. काचेचे ग्लास पांढरट धुरकट निघतात. मेकॅनिक म्हणाला, "सॉफ्टनर गेलाय, अख्खं युनिट बदलावं लागेल." खर्च साडेसहा हजार. मी म्हटलं, थांब, आधी मी बघते. सायन्सची पोस्टग्रॅज्युएट म्हटल्यावर एवढं यायलाच हवं, नाही का?

सुरुवात स्वस्त चाचणीने करा. एका ग्लासवर व्हिनेगर चोळलं, डाग गेला. म्हणजे तो कॅल्शियम कार्बोनेटचा थर होता, आम्लात विरघळणारा. डिशवॉशरमध्ये काच स्वतःच झिजूनही धुरकट होते, पण ती कशानेच साफ होत नाही. दोन रुपयांच्या व्हिनेगरने अर्ध्या शक्यता बाद झाल्या.

मग मी घोळ घातला. घरात टीडीएस पेन होतं. नळाचं पाणी ६१०, मशीनच्या आतलं ६०५. फरकच नाही! म्हणजे सॉफ्टनर गेला, मेकॅनिक बरोबर. फोन करायला हातात घेतला होता, खरंच.

तुम्हाला चूक दिसली का? सॉफ्टनरमधलं रेझिन पाण्यातले क्षार काढून टाकत नाही, त्यांची अदलाबदल करतं. एक कॅल्शियम आयन घेतं, दोन सोडियम आयन सोडतं. पेन मोजतं पाण्याची विद्युतवाहकता, आणि कोणता आयन वाहतोय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सॉफ्टनर उत्तम चालत असता तरी आकडा जवळपास तेवढाच आला असता. उपकरण बिघडलेलं नव्हतं, मी त्याला भलताच प्रश्न विचारत होते. पीएचडीच्या पहिल्या वर्षात मी असेच चार महिने घालवलेत, पण ते परत कधीतरी.

योग्य प्रश्न होता दुष्फेनतेचा. ती मोजायची पद्धत तुम्ही बीएस्सीला केलेली आहे: पीएच १० चा अमोनिया बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी, ईडीटीएने टायट्रेशन, वाइनसारखा लाल रंग निळा होईपर्यंत. नमुना घेताना मात्र डोकं लावावं लागलं. डिटर्जंटमध्येच कॅल्शियम बांधून ठेवणारी रसायनं असतात, म्हणून पावडर न घालता मशीन चालवलं, मध्येच बंद केलं, प्लग काढला (हे विसरू नका) आणि तळातलं पाणी बाटलीत भरलं. लॅबमध्ये आकडे आले: नळाचं ४२० मिलिग्रॅम प्रति लिटर, मशीनमधलं ३९०. म्हणजे सॉफ्टनर काम करत नव्हता हे खरंच. पण "काम करत नाही" आणि "बिघडलाय" ही दोन वेगळी विधानं आहेत.

पुरावा समोरच होता. मिठाचा कप्पा सहा महिन्यांत जेमतेम उतरला होता. रेझिन कॅल्शियमने भरलं की मशीन त्यातून मिठाचं पाणी सोडून ते पुन्हा ताजं करतं. मीठ संपत नाही, म्हणजे हे होतच नाहीये. का? आमच्या मशीनला पाण्याची दुष्फेनता कळत नाही, आपण सेटिंगमध्ये जी पायरी ठरवू तीच ते खरी मानतं. आमची पायरी सगळ्यात खालची होती. आधीच्या घरी महापालिकेचं धरणाचं पाणी यायचं, तेव्हा ती बरोबर होती. या सोसायटीत बोअरवेल आहे. मशीन हललं, सेटिंग तेच राहिलं. मॅन्युअलमधला तक्ता जर्मन अंशांत होता, १ अंश म्हणजे १७.८ मिलिग्रॅम. ४२० चे झाले साधारण २४. त्याप्रमाणे पायरी बदलली. काही धुण्यांनंतर मशीनमधलं पाणी ४५ वर आलं. खर्च शून्य.

इथे लेख संपवला असता, पण त्याच आठवड्यात आईने पावडरही बदलली होती, न सांगता! ग्लास चकचकीत, आणि श्रेय नव्या पावडरला. मग दोन ग्लास व्हिनेगरने साफ करून, सेटिंग नवीन ठेवून, आठवडाभर उरलेली जुनी पावडर वापरली. ग्लास स्वच्छच राहिले. जुनी पावडर निर्दोष सुटली.

राहिली नवी पावडर आणि जुनी पायरी. चार चौकटींतली ती एक अजून रिकामी आहे. नवी पावडर एकटीनेही हे करू शकली असती का, ते मला सांगता येणार नाही. मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "प्रयोग तुझा असेल, ग्लास माझे आहेत."